चवलीचं झाकलेलं साल

गोदे,

शोकसभेत तुला 'शांत आणि मितभाषी' म्हणाले. आपल्याच शाळेच्या हॉलमध्ये, तुझ्या फोटोला झेंडूचा हार घालून, माइक हातात घेऊन. मी खुर्चीतून उठणारच होते, पण तुझ्या सुनेने, सोनालीने, माझा हात घट्ट धरला म्हणून बसले. तू शांत होतीस तर इतकी वर्षं स्टाफरूममध्ये माझं डोकं कोण खात होतं? गणिताच्या पेपरात मार्क वाढवून मागायला आलेल्या पालकांना पायरीवरूनच परत कोण पाठवत होतं? मेलेल्या माणसाला सज्जन करून टाकायची लोकांना भारी घाई असते. मी तुला सज्जन होऊ देणार नाही. तू भांडखोर होतीस, हट्टी होतीस, आणि माझ्याशी चाललेला वाद अर्धवट टाकून गेलीस, याचा मला संताप आला आहे. रडूही येतं. पण आधी संताप.

तर त्या वादाबद्दल बोलू.

आताच्या पोरांना चवली समजावून सांगावी लागते. दोन आण्यांचं नाणं, कंपनीच्या आणि नंतर राणीच्या काळात चांदीचं असायचं. अंगठ्याच्या नखाएवढं, पातळ, हातातून निसटलं की धुळीत सापडायचं नाही. मी इतिहास शिकवायचे आणि मला नाण्यांचा नाद होता. तू गणित शिकवायचीस आणि तुला माझ्या नादाची टवाळी करायचा नाद होता. एकदा मी जुन्या नाण्यांचं ते जाड पुस्तक शाळेत घेऊन आले. कुठल्या साली, कुठल्या टांकसाळीत, कुठलं नाणं किती पाडलं, याचे तक्ते होते त्यात. चवलीच्या पानावर सगळ्या सालांपुढे आकडे होते, एका सालापुढे मात्र नुसती आडवी रेघ. मी म्हटलं, या साली चवली पाडलीच नाही. तू भाकर तोडता तोडता वाकून पाहिलंस.

"रेघ हाये ना? शून्य तं नाही ना?"

"एकच झालं."

"एकच कसं होईन व? शून्य म्हणजे मोजलं अन् काही नाही निघालं. रेघ म्हणजे मोजलंच नाही. सातवीतल्या पोराले समजते थे."

"टांकसाळीचे अहवाल हायेत गोदा, सरकारी."

"सरकारी हायेत म्हणूनच म्हणून राह्यली."

बस्स, तिथून सुरू झालं. मी तुला सांगत राहिले की इतिहासाला कागद लागतो, तू मला सांगत राहिलीस की कागदाला डोकं लागतं. शिपाई घंटा देऊन जायचा आणि आपण दोघी आपापल्या वर्गात जाऊन पोरांवर तो राग काढायचो.

मग तू तो हार आणलास. डब्याच्या फडक्यात बांधून, कांद्याचा वास लागलेला. तुझ्या याडीचा, म्हणजे आईचा, आणि तिला तिच्या आईने दिलेला. प्रत्येक चवलीला वर चांदीची कडी झाळून बसवलेली आणि सगळ्या काळ्या सुतात ओवलेल्या. गळ्यात राहून राहून राणीचं नाक झिजून गेलं होतं. मी भिंग काढलं आणि एकेक साल वाचत गेले, आणि मधल्या एका चवलीपाशी थांबले. तिची राणी उलटी लटकत होती, पाय वर, म्हणजे पाय कुठले, मान वर आणि डोकं खाली. ज्याने कडी बसवली त्याने ती नाण्याच्या खालच्या बाजूला बसवली होती, आणि मागच्या अंगाला नेमकं तिथेच साल होतं. पहिले तीन आकडे दिसत होते. चौथा त्या झाळलेल्या चांदीखाली गेला होता. दिसणारे तीन आकडे माझ्या पुस्तकातल्या त्या रेघेच्या सालाचेच होते.

चौथा आकडा तोच असेल तर रेघ खोटी. दुसरा असेल तर तू खोटी. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, खरं सांगते.

"कडी काढून पाहू," मी म्हटलं. "सोनाराकडचं दोन मिनिटांचं काम."

"नाही."

"परत लावून देईन तो."

"नाही म्हटलं ना."

तुझ्या याडीला विचारावं म्हणून मी फुलसावंगीच्या पलीकडे तुमच्या तांड्यावर आले. ती अंगणात तूर पाखडत बसली होती. तुझ्याशी गोरमध्ये, तुमच्या बंजारा बोलीत बोलली, माझ्याशी मराठीत. मी तिला समजावून सांगितलं की मावशी, ही राणी उलटी लागली आहे. तिने हार हातात घेतला, पाहिला, आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं वर्गात मी ढ पोराकडे बघायचे.

"राणी उलटी असंल," ती म्हणाली. "चांदी तं सुलटीच हाये ना?"

तू तोंडाला पदर लावून हसत होतीस. परतीच्या गाडीत मला म्हणालीस, "याडीनं जशी गळ्यात घातली तशीच राहीन थे. तुह्या पुस्तकाची रेघ पुसाची असंल तं दुसरं नाणं शोधू. एवढ्या बाया चवल्या घालून फिरतेत, थ्या कोणी मोजल्या का?"

याडी गेल्यावर हार तुझ्याकडे आला. तू तो कधी घातला नाहीस, शाळेत तर नाहीच, पण कुलपातही ठेवला नाहीस. देवाच्या फळीवर खिळ्याला टांगलेला असायचा.

आपण दोघी रिटायर झालो आणि दुसरं नाणं शोधायला निघालो. माझी स्कूटी, तू मागे, पायाशी पाण्याची बाटली. उमरखेडहून महागावकडे, एकेक तांडा. मला आठवतं, पहिल्या दिवशी तू मला बजावलं होतंस, कोणत्याही बाईला हार उतरव म्हणायचं नाही. 'आपल्याच गळ्याकडं बोट दाखवून कोणी असं म्हटलं तं कसं वाटंल?' म्हणून तू ती युक्ती काढलीस. माझ्या भावाच्या दुकानातून पतंगाचा पातळ कागद घेतला, मऊ शिशाच्या पेन्सिली घेतल्या. बाईने स्वतःच्या हाताने चवली तळहातावर धरायची, वर कागद ठेवायचा, हलकी पेन्सिल फिरवायची. नाण्याचं चित्र कागदावर उतरतं. हार गळ्यातला गळ्यात राहतो, आपला हातही लागत नाही.

बाया खूश. एकमेकींचे कागद हिसकावून पाहायच्या, पोरींना बोलावून आणायच्या. चहा व्हायचा, चिवडा व्हायचा, कोणाच्या तरी नवऱ्याची टिंगल व्हायची. उन्हाळा संपेपर्यंत माझ्या घरी कागदांची थप्पी झाली. मग एका दुपारी तुझ्या ओसरीवर आपण ती उलगडून बसलो, आणि तू कपाळावर हात मारून घेतलास.

सगळ्यांनी तोंड काढलं होतं. राणी, राणी, राणी. साल असतं मागच्या बाजूला, आणि मागची बाजू एकीनेही काढली नव्हती. आपण दोघी मास्तरणी, उभा जन्म पोरांना सूचना देण्यात गेला, आणि 'साल काढा' म्हणायचं आपणच विसरलो.

दुसऱ्या फेरीला गेलो तेव्हा एका म्हातारीला तू विचारलंस, "बाई, पाठीकडून काहून नाही काढलं?"

ती म्हणाली, "माणसाचा फोटो कोणी पाठीकडून काढते का?"

तू रस्त्यात हसत सुटलीस. हसता हसता माझ्या पाठीवर इतके गुद्दे घातलेस की मला स्कूटी कडेला लावावी लागली. बाभळीखाली उभ्या राहून हसणाऱ्या दोन म्हाताऱ्या पाहून एक ट्रॅक्टरवाला थांबला आणि विचारायला लागला, 'काही झालं का मावशी?' गोदे, त्या दुपारचे मी तुझे आभार कधी मानले नाहीत. मानले असते तर तू मला वेड्यात काढलं असतंस. आता मानते. तुला अडवता येणार नाही.

दुसऱ्या फेरीत आपण सालं गोळा केली. रेघेच्या सालाची चवली एकाही गळ्यात मिळाली नाही. मी म्हटलं, झालं, मी जिंकले. पण तू ऐकशील तर ना. तू कागद मांडून बसलीस आणि दुसरंच काढलंस. पुस्तकात ज्या सालापुढे भला मोठा आकडा, ती चवली आपल्याला क्वचित दिसली. आणि ज्या सालाचा आकडा लहान म्हणून शहरातले संग्राहक जिला दुर्मीळ म्हणतात, ती गळ्यागळ्यात लटकत होती.

"किती पाडल्या थे पुस्तकात हाये," तू म्हणालीस. "किती वितळल्या थे कुठं हाये? वाळे केले, बाळाची साखळी केली, देवाचा टाक केला. टांकसाळीच्या दारातून भाईर गेली तवाच्यापासून कोणी मोजली का चवली?"

मी सांगितलं की आकडे अजून गुंतागुंतीचे आहेत. राणीच्या रुपयावर तर साल तेच ठेवून पुढे कैक वर्षं नाणी पाडत होते, त्यामुळे नाण्यावरचं साल आणि अहवालातलं साल जुळेलच असं नाही. वाटलं, तुला गप्प करीन. तू टाळी वाजवलीस. "मंग तं माह्याच बाजूनं बोलून राह्यली तू!"

मी तेव्हाही म्हटलं आणि आताही म्हणते, गोदा, एवढ्याशा गळ्यांवरून सगळ्या मुलखाचा अंदाज बांधता येत नाही. गणिताच्या बाईने हे करावं? बाया त्यांना आवडलेली नाणी ओवतात, आईकडून आलेली ओवतात, मेळ्यात एकदम घेतलेली ओवतात. तो काही टांकसाळीचा नमुना नव्हे. याचं उत्तर तू मला कधी दिलं नाहीस. विषय बदलायचीस, चहा ठेवायचीस. मी हे इथे लिहून ठेवते, म्हणजे कोणी म्हणायला नको की तू सगळे वाद जिंकायचीस.

पण बाकीच्यांनी तुझ्याशी वाद घालावा, हे मला कधी सहन झालं नाही. नागपूरच्या त्या नाण्यांच्या प्रदर्शनात एका गृहस्थांनी तुझी चवली भिंगाखाली धरली, कडी पाहिली आणि बोटाने बाजूला सारली. "कडीवाला माल आहे ताई. नाणं म्हणून हे मेलेलं." मी तोंड उघडायच्या आत तू बोललीस. मोठ्याने, सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असं.

"तुमचं नाणं डबीत झोपून राह्यलं भाऊ. आमचं होळीत नाचून आलं. मेलेलं कोणतं थे तुम्हीच पाहा."

मितभाषी म्हणे.

नांदेडच्या दवाखान्यात तू दिवसेंदिवस खंगत चाललीस तेव्हा मी रोज यायचे. उमरखेडहून सकाळच्या गाडीने. तुला बोलायला दम लागायचा, पण वाद घालायला लागायचा नाही. एका दुपारी सोनाली औषध आणायला खाली गेली होती. तू डोळे मिटूनच म्हणालीस, "नसीम, समज मी कडी काढू दिली."

मी सावरून बसले.

"अन् चौथा आकडा दुसराच निघाला. मंग?"

"मंग मी जिंकले."

"अन् थोच निघाला?"

"मंग तू."

तू भिंतीकडे कूस बदललीस. मला वाटलं झोप लागली. मग म्हणालीस, "अन् त्याच्यानंतर आपून काय बोलाचं व?"

मी तुझ्या पायावरची चादर नीट केली आणि सोनाली आली. तेव्हा म्हणायला हवं होतं की बोलायला काय, आपल्याला विषय कमी पडले आहेत का कधी. म्हणायला हवं होतं की तू नसलीस तर मी उमरखेडमध्ये कोणाशी बोलू, घरात सगळे मला हो ला हो करतात. एवढं साधं बोलायला जीभ रेटली नाही, आणि तू त्या आठवड्यातच गेलीस.

आता पुढचं ऐक, कारण हे तुला माहीत नाही.

तुझं दिवसकार्य झालं आणि यवतमाळच्या नाणीप्रेमींच्या एका मंडळाचे दोघं जण तुझ्या घरी आले. भली माणसं होती, खोटं कशाला बोलू. त्यांना प्रदर्शनात तुझ्या नावाचा विभाग करायचा होता. सोनालीने मला बोलावून घेतलं. त्यांचं म्हणणं असं, की हार सोडवायचा, कड्या काढायच्या, चवल्या साफ करायच्या आणि एकेक चवली सालाप्रमाणे पारदर्शक डबीत ठेवायची. खाली चिठ्ठी, त्या साली किती पाडल्या त्याचा आकडा. "बाईंना खरी श्रद्धांजली होईल," त्यातला एक म्हणाला. "आणि त्या उलट्या चवलीचं सालही कळेल. इतका जुना वाद, मिटून जाईल."

गोदे, माझ्या मनात काय आलं असेल तू ओळखलंच असशील. माझा हात शिवशिवला. तू अडवायला नव्हतीस. तुझा मुलगा म्हणाला, मावशी म्हणतील तसं. आणि मला ते साल पाहायचं होतं, माझ्या सगळ्या जन्मात कुठल्या गोष्टीची इतकी हाव मला सुटली नसेल.

सोनाली उमरखेडला मोबाइलचं दुकान चालवते, दिवसभर लोकांचे फोन उघडते, कोणती वस्तू उघडल्यावर पहिल्यासारखी होत नाही हे तिला चांगलं कळतं. तिने फळीवरचा हार काढला, त्या दोघांसमोर पंजाबी ड्रेसवर गळ्यात घातला, आणि म्हणाली, "प्रदर्शनाले मी येतो न हार घालून. ज्याले पाह्याचं थो पाहीन."

ते म्हणाले, असं नियमात नाही. ती म्हणाली, "मंग नियमात बसवा."

तू तिला किती कमी समजायचीस! भाकरी जाड करते म्हणून माझ्याकडे तक्रार करायचीस. हे एक मी तुला समोर सुनावायचं ठेवून दिलं होतं.

परवा आम्ही यवतमाळला गेलो. तुझ्या विभागात टेबल होतं, फोटो होता, डब्या रिकाम्या होत्या आणि टेबलाच्या बाजूला सोनाली उभी. मी आपले पतंगाचे कागद भिंतीवर लावले. सालांचेही लावले आणि राण्यांचेही. लोक आधी बिचकले, मग जवळ आले. बायकांनी आधी यायला सुरुवात केली. एकीने विचारलं, हा हार जड लागतो का. एकीने सांगितलं, तिच्या आजीचा असाच होता, तो मोडून मिक्सर घेतला.

दुपारनंतर मंडळाचे ते दोघं नाणी साफ करणाऱ्या कारागिराला घेऊन आले. त्याच्याकडे लहान ज्योतीचा दिवा होता, चिमटा होता. तो अदबीने म्हणाला, बाकीच्याला हात लावत नाही, फक्त ती एक कडी. नाणं गरम होईल, कडी सुटेल, आकडा दिसेल, लगेच परत लावून देतो. भोवती माणसं जमली. कोणीतरी मोबाइल काढून धरला. सोनालीने हार गळ्यातून उतरवला आणि माझ्या हातात दिला.

"मावशी," ती म्हणाली, "आईचा वाद तुमच्याशी होता. तुम्हीच सांगा."

मी ती चवली बोटांत धरली. अंगाची ऊब होती तिला. भिंग डोळ्याला लावलं. तीन आकडे, आणि त्यापुढे चांदीचा गोळा. मला वाटलं, खालून एक वाटोळेपणा डोकावतो आहे. वाटलं की नाही डोकावत.

मग मी बोलले, सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असं. मी म्हटलं, "त्या साली चवली पाडलीच नाही. हे माझं मत आहे आणि मी ते सोडणार नाही. पुस्तकातली रेघ म्हणजे शून्यच. गोदावरीबाई चुकल्या होत्या. पण त्यांना चुकलं म्हणायचा हक्क एकट्या माझा आहे, आणि ते मी त्यांच्या तोंडावर म्हणत आले आहे. त्या नसताना मी त्यांना हरवणार नाही. जिंकूही देणार नाही."

कारागिराने दिवा विझवला. तो माणूस समजूतदार होता. मंडळातल्या एकाने विचारलं, मग डबीखालच्या चिठ्ठीवर काय लिहायचं? मी म्हटलं, रेघ मारा.

हार सोनालीच्या गळ्यात परत गेला. संध्याकाळच्या बसमध्ये ती खिडकीशी बसून झोपली आणि मी तुझ्याशी मनात भांडत आले, दारव्हा, दिग्रस, पुसद, सगळ्या रस्ताभर. लोक म्हणतात वेळ गेला की दुःख कमी होतं. मला कमी करायचं नाही. मला तू समोर हवी आहेस, भाकर तोडत, माझ्या पुस्तकावर वाकून, माझा मुद्दा तोडायला तोंड उघडलेली.

चार गळ्यांवरून मुलखाचा अंदाज बांधता येत नाही, गोदे. तू मला याचं उत्तर दिलेलं नाहीस. मी वाट पाहते आहे.

तुझी,
नसीम